डॉक्टरांच्या देखरेखीखाली

स्टिरॉइड्सचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हमखास कानावर येतो. तो वेडगळ नाही, म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे. धोका औषधात नसून ते चोरून घेण्यात आहे, असे हा युक्तिवाद सांगतो. भेसळीची बाटली, ट्रेनरने अंदाजाने ठरवलेला डोस, चौघांत एक सुई आणि पकडले जाण्याच्या भीतीने डॉक्टरपासून चाललेली लपवाछपवी एवढे काढून टाका. शुद्ध औषध, मोजका डोस, वरचेवर रक्ताची नि हृदयाची तपासणी ठेवा. मग प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे.

'एन्हान्स्ड गेम्स' ही स्पर्धा याच पायावर उभी राहिली. ॲरन डिसूझा या ऑस्ट्रेलियन उद्योजकाने २०२३ मध्ये तिची कल्पना मांडली आणि मे २०२६ मध्ये ती लास व्हेगासला भरवण्याचे जाहीर झाले. उत्तेजके घेऊन खेळा, आमचे डॉक्टर लक्ष ठेवतील, असे त्यातले आश्वासन. ग्रीसचा जलतरणपटू क्रिस्टियन गोलोमीव याने फेब्रुवारी २०२५ मध्ये या मंडळींच्या छत्राखाली ५० मीटर फ्रीस्टाइल २०.८९ सेकंदांत पार केली. तेव्हाच्या अधिकृत विश्वविक्रमापेक्षा ही वेळ दोन शतांश सेकंदांनी कमी होती, आणि तिच्याबद्दल त्याला दहा लाख डॉलर मिळाले. आपल्याकडच्या जिममध्ये हाच विचार स्वस्तात मिळतो: "आधी ब्लड रिपोर्ट काढू, कोर्स करू, मग लिव्हरच्या गोळ्या घेऊ, काही होत नाही."

देखरेखीखाली दिलेले स्टिरॉइड सुरक्षित असते का, हा प्रश्न नवा नाही. त्याची परीक्षा एकदा पूर्ण ताकदीनिशी झालेली आहे. कोणत्याही जिमला किंवा उद्योजकाला परवडणार नाहीत इतके डॉक्टर, प्रयोगशाळा आणि नोंदवह्या तिच्या दिमतीला होत्या. ती परीक्षा घेतली पूर्व जर्मनीने.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीच्या मार्गिटा गुमेलने १९.६१ मीटर गोळा फेकून विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले. त्याच उन्हाळ्यात तिला ओरल-ट्युरिनाबोलच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, हे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांतून कळले. येना शहरातल्या येनाफार्म या सरकारी कंपनीचे हे औषध. १९७४ मध्ये या प्रकाराला 'राज्य योजना विषय १४.२५' असे सरकारी नाव आणि सरकारी पैसा मिळाला. एकूण सुमारे दहा हजार खेळाडू या योजनेखालून गेले असा अंदाज केला जातो. त्यांत शाळकरी मुली होत्या. त्यांना 'जीवनसत्त्वे' किंवा 'साहाय्यक द्रव्ये' म्हणून गोळ्या मिळत. आईवडिलांना काही सांगायचे नाही, असा दंडक होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या जलतरणातील तेरापैकी अकरा सुवर्णपदके या जेमतेम पावणेदोन कोटी लोकवस्तीच्या देशाने नेली.

देखरेख म्हणाल तर ती कडेकोट होती. कुणाला किती मिलिग्रॅम द्यायचे, कोणत्या आठवड्यात थांबवायचे याचे तक्ते बनत. गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक १९७७ मध्ये हेलसिंकीला चाचणीत सापडली. त्यानंतर परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूची लघवी ड्रेस्डेनजवळच्या क्रायशा प्रयोगशाळेत आधीच तपासली जाऊ लागली. अंश सापडला तर खेळाडू अचानक 'आजारी' पडे आणि घरीच राही. पहारा चोख होता, पण तो पदकांवर होता. शरीरावरचे परिणामही टिपले जात होते. मानफ्रेड ह्योपनर हे या योजनेचे प्रमुख डॉक्टर. ते 'टेक्निक' या टोपणनावाने स्टासी या गुप्तचर यंत्रणेला अहवाल देत. मुलींचे आवाज घोगरे होणे, अंगावर केस वाढणे, पाळी बिघडणे, यकृताच्या तक्रारी हे सारे त्या कागदांत आहे. अहवाल लिहिले गेले, वाचले गेले, फायलींत लागले आणि डोस चालू राहिले. एवढेच नव्हे, औषध म्हणून मान्यताच न मिळालेले एसटीएस ६४६ हे स्टिरॉइडही खेळाडूंना दिले गेले.

बर्लिनची भिंत पडल्यानंतर हायडेलबर्गचे जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि त्यांच्या पत्नी, माजी फेकपटू ब्रिगिट बेरेंडोंक यांनी बाड सारोव येथील लष्करी वैद्यकीय अकादमीतून ही कागदपत्रे वाचवली. बेरेंडोंक यांचे पुस्तक १९९१ मध्ये आले. गोळाफेकपटू हायडी क्रिगर ही त्या कागदांतली एक नोंद. बर्लिनच्या डिनामो क्लबात सोळाव्या वर्षी तिला गोळ्या सुरू झाल्या. १९८६ या एका वर्षात तिच्या पोटात सुमारे २,६०० मिलिग्रॅम ट्युरिनाबोल गेले. दोन वर्षांनी सोल ऑलिम्पिकमध्ये स्टॅनोझोलॉलसाठी पकडलेल्या बेन जॉन्सनने वर्षभरात घेतलेल्या स्टिरॉइडपेक्षा हे प्रमाण सुमारे हजार मिलिग्रॅमने जास्त असल्याचा हिशेब फ्रांके यांनी मांडला. त्याच १९८६ मध्ये हायडीने श्टुटगार्टला युरोपीय अजिंक्यपद जिंकले. १९९७ मध्ये तिने लिंगबदल करून आंद्रेयास हे नाव घेतले. आंद्रेयास यांची तक्रार पुरुष झाल्याबद्दल नाही. आपण कोण आहोत हे स्वतः शोधण्याची संधी त्या गोळ्यांनी हिरावून घेतली, ही ती तक्रार आहे. या योजनेखालून गेलेल्या इतर कित्येकींच्या वाट्याला यकृताचे आजार, बीजकोशांतील गाठी आणि कायमचा बदललेला आवाज आला.

यावर एन्हान्स्ड गेम्सचा समर्थक म्हणेल, ती हुकूमशाही होती, मुले अजाण होती, संमतीच नव्हती. खरे आहे. पण संमतीने अन्याय दूर होतो, औषधाचा गुणधर्म बदलत नाही. तो गुणधर्म समजून घेतल्याशिवाय हा वाद पुढे जात नाही.

टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये प्रयोगशाळेत बनले आणि त्यामागच्या रसायनशास्त्रातील कामासाठी आडोल्फ बुटेनांट व लेओपोल्ड रुझिका यांना १९३९ चे नोबेल मिळाले. तेव्हापासून रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या एकाच ध्यासामागे होत्या: रेणूत असा फेरफार करायचा की स्नायू वाढावेत, पण दाढीमिशा, आवाज, वृषण यांवर परिणाम होऊ नये. मेथँडिएनोन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल ही त्या खटपटीची अपत्ये. दोन परिणामांचे प्रमाण थोडेफार बदलता आले, त्यांची फारकत मात्र आजवर झालेली नाही. कारण स्नायूच्या पेशीत हे संप्रेरक ज्या ग्राहीला चिकटते, तीच ग्राही स्वरयंत्रात, केसांच्या मुळाशी, त्वचेत आणि हृदयाच्या स्नायूतही आहे. दंडाला सांगावा धाडला की तो हृदयालाही पोहोचतो.

शिवाय मेंदू या संप्रेरकाची पातळी सतत मोजत असतो. बाहेरून भरमसाट माल येतो आहे असे दिसले की तो वृषणांना दिलेला हुकूम मागे घेतो. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. कोर्स संपला तरी कारखाना लगेच सुरू होत नाही. काहींच्या बाबतीत महिने जातात, काहींच्या बाबतीत वर्षे. मधल्या काळातली मरगळ, नैराश्य आणि लैंगिक इच्छा नाहीशी होणे यांवर उपाय म्हणून पुढचा कोर्स सुरू होतो. घेणाऱ्यांपैकी सुमारे तीस टक्के लोक अवलंबित्वापर्यंत जातात, असे या विषयावर दीर्घकाळ काम केलेले अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ सांगतात. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलते आणि पुरुषाच्या छातीत स्तनासारखी गाठ येते. तोंडाने घ्यायच्या गोळ्या यकृताला झटपट फोडता येऊ नयेत अशाच बनवलेल्या असतात, म्हणून त्यांचा भार यकृतावरच पडतो: कावीळ, रक्ताने भरलेल्या पोकळ्या, गाठी. रक्तातले चांगले कोलेस्टेरॉल कोसळते, वाईट वाढते, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते. वयात येणाऱ्या मुलाच्या हाडांची टोके वेळेआधी जुळून उंची खुंटते.

आता देखरेखीचा अर्थ पाहा. डॉक्टर रिपोर्ट बघून सांगू शकतो की कोलेस्टेरॉल बिघडले आहे. पण ते ज्या डोसमुळे बिघडले तोच डोस चालू ठेवायचा असेल, तर रिपोर्ट काढणे म्हणजे बुडत्या होडीत बसून पाण्याची खोली मोजत राहणे. मोजमापामुळे हानी तेव्हाच टळते, जेव्हा मोजणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार असतो आणि मोजले जाणारे नुकसान थांबल्यावर भरून येणारे असते. स्त्रीचा खोल गेलेला आवाज परत येत नाही. मुलाची खुंटलेली उंची वाढत नाही.

वैद्यकाने मात्र या बाबतीत स्वतःची पत स्वतःच घालवली, हेही मान्य करायला हवे. अमेरिकेच्या वेटलिफ्टिंग संघाचे डॉक्टर जॉन झीग्लर यांच्यामार्फत सीबा कंपनीचे डायनाबोल १९५८ नंतर लिफ्टर्सच्या हाती पोहोचले होते. व्यायामशाळांत वजने वाढत होती, दंड फुगत होते. तरीही अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९७७ मध्ये असे मत दिले की स्टिरॉइड्समुळे कामगिरी सुधारते याला निर्णायक पुरावा नाही. १९८० च्या दशकात ते मत बदलावे लागले. निर्णायक प्रयोग आला १९९६ मध्ये. शलेंदर भसीन यांच्या गटाने ४३ पुरुषांना दहा आठवडे अभ्यासले. आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेऊन व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सरासरी सहा किलोंनी वाढले. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे दोन किलोंनी. व्यायामाला हातही न लावता केवळ इंजेक्शन घेणाऱ्यांनी तीन किलोंहून अधिक कमावले. म्हणजे आळशी माणसाने घाम गाळणाऱ्याला मागे टाकले होते. 'याने काही होत नाही' असे वीस वर्षे सांगणारा डॉक्टर 'याने हृदय जाते' म्हणू लागला, तर पैलवानाने दुसरे वाक्य तरी खरे का मानावे? फायद्याबद्दल खोटे बोलल्याने तोट्याबद्दलचे खरे कुणी ऐकेना.

तोट्याचा पुरावा उशिरा जमा झाला, कारण गुपचूप चालणाऱ्या व्यवहाराचा अभ्यास करणे कठीण असते. जमा झाला तो मात्र भक्कम आहे. २०१७ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात बॅगिश आणि सहकाऱ्यांनी १४० वजन उचलणाऱ्या पुरुषांची तुलना प्रसिद्ध केली. ८६ जण स्टिरॉइड घेतलेले, ५४ कधीच न घेतलेले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी डावा कप्पा आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, हे त्यात मोजले होते. न घेणाऱ्यांत हा आकडा सरासरी ६३ होता, औषध बंद केलेल्यांत ५८ आणि औषध चालू असलेल्यांत ४९. औषध चालू असलेल्या दहांपैकी सातांचे हृदय निरोगी पातळीच्या खाली काम करत होते. दिसायला ही जिममधली सर्वांत दणकट माणसे होती. हृदयाच्या रोहिण्यांतला चिकट थरही घेणाऱ्यांत अधिक होता, आणि जितकी वर्षे जास्त तितका थर जास्त.

डेन्मार्कची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथली उत्तेजकविरोधी यंत्रणा व्यायामशाळांतल्या हौशी सभासदांचीही चाचणी घेते, आणि नागरिकांच्या आरोग्याच्या नोंदी एका ठिकाणी असतात. २००६ पासून चाचणीत दोषी ठरलेल्या ५४५ पुरुषांची तुलना प्रत्येकी दहा समवयस्क पुरुषांशी करण्यात आली. दोषी ठरलेल्यांचे मृत्यू जवळपास तिप्पट निघाले. २०२४ मध्ये अकराशेहून अधिक पुरुषांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाने तोच निष्कर्ष दिला. स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या राहणीत इतरही धोके असतात, म्हणून सगळे मृत्यू औषधाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. पण हृदयाच्या अभ्यासाशेजारी हा आकडा ठेवला की त्याला योगायोग म्हणणे कठीण जाते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्यांचे टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी आहे अशा पुरुषांना ते नैसर्गिक पातळीपर्यंत भरून देणे हा मान्य उपचार आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या २०२३ च्या चाचणीत अशा उपचाराने झटके वाढले नाहीत. ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात गुठळी होण्याचे प्रमाण मात्र थोडे अधिक दिसले. नेदरलँड्समधील हार्लेम येथे स्टिरॉइड घेणाऱ्यांसाठी खास दवाखाना निघाला. तिथल्या डॉक्टरांनी स्वतःहून कोर्स करणाऱ्या शंभर जणांवर लक्ष ठेवले. प्रत्येकाला काही ना काही दुष्परिणाम झाला, हृदयाची ताकद कोर्सदरम्यान घटली, पण थांबल्यावर वर्षभरात बहुतेकांची पूर्ववत झाली.

समर्थक या दोन अभ्यासांवर भिस्त ठेवतात. त्यांनी तपशील नीट वाचावा. पहिल्यात उणीव भरून काढली होती. क्रीडापटूला लागते ते याच्या कैकपट, कारण नैसर्गिक पातळीवर पदक मिळत नाही. दुसऱ्यात शरीर सावरले ते थांबल्यामुळे. आणि स्पर्धेच्या आखाड्यात नेमके तेच घडत नाही. हार्लेमच्या डॉक्टरने औषध दिले नव्हते, रुग्ण जिंकला काय नि हरला काय, त्याचे काही जात नव्हते. ह्योपनर यांचे जात होते. ज्या संयोजकाचे तिकीट विक्रमावर विकले जाते, त्याच्या पगारी डॉक्टरचेही जाईल.

हे पोलादी पडद्याआडच घडले असे समजण्याची सोय श्टुटगार्टची ती स्पर्धाच ठेवत नाही. क्रिगरने सुवर्ण घेतलेल्या १९८६ च्या त्याच युरोपीय स्पर्धेत पश्चिम जर्मनीची बिर्गिट ड्रेसेल हेप्टॅथलॉनमध्ये चौथी आली होती. पुढच्या एप्रिलमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, माइन्झ येथे ती तडफडत मरण पावली. तपासात निघाले की नामांकित क्रीडावैद्याच्या हाताखाली तिला शंभराच्या आसपास औषधे मिळाली होती आणि त्यांच्या जोडीला ती स्टिरॉइड्सही घेत होती. मृत्यू एकट्या स्टिरॉइडने ओढवला असे म्हणता येत नाही. औषधांच्या खिचडीने शरीरात उठलेला विषारी झटका हे कारण दिले गेले. लोकशाही देश, सज्ञान खेळाडू, नावाजलेला डॉक्टर हे सगळे तिथे होते.

खेळाडू मरणाला भीत नाहीत, त्यामुळे आरोग्याचे सांगून उपयोग नाही, असाही एक लाडका समज आहे. पाच वर्षांत मरण पण आधी हमखास विजय, असा सौदा मिळाला तर निम्मे खेळाडू तो स्वीकारतील, असे अमेरिकी डॉक्टर बॉब गोल्डमन यांनी १९८० च्या दशकात सांगितले आणि ते सर्वत्र उद्धृत झाले. २०१३ मध्ये तोच प्रश्न नव्याने विचारला गेला, तेव्हा २१२ पैकी फक्त दोघे तयार झाले. खेळाडू इतरांइतकाच जिवाला जपतो. त्याला खरे सांगितले जात नाही, किंवा शेजारचा घेतो आहे म्हणून मागे हटता येत नाही.

भारताचे आकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवेत. २०२३ मध्ये 'नाडा' या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने ५,६०६ नमुने तपासले, त्यांत २१४ दोषी निघाले; पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षी दिल्लीतील राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत स्वच्छतागृहात सिरिंजा पडल्याचे समोर आले, नाडाचे पथक पोहोचले आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला. हसण्यासारखा प्रसंग, पण मैदान सोडून पळालेल्या पोरांच्या शरीरात काय होते, ते कुणी दिले, आणि आता त्यांची तपासणी कोण करणार, हे प्रश्न बातमीबरोबरच विरून गेले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात ४ बाय ४०० मीटर रिले जिंकणाऱ्या चौघींपैकी तिघी पुढच्या वर्षी स्टिरॉइडसाठी दोषी ठरल्या. युक्रेनी प्रशिक्षकाला हाकलले, खेळाडूंवर दोन वर्षांची बंदी आली. गाजले ते पदक, निवाडा आणि बंदी.

महाराष्ट्राने हेच नरसिंग यादवच्या वेळी पाहिले. लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाच्या नमुन्यात रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर मेथँडिएनोन सापडले. अन्नात कुणीतरी कालवले हे त्याचे म्हणणे नाडाने मान्य केले. क्रीडा लवादाने ते न मानता ऑगस्ट २०१६ मध्ये चार वर्षांची बंदी घातली. महिनाभर चावडीवर चर्चा होती ती घातपाताची आणि हुकलेल्या पदकाची. हे द्रव्य तालमीपर्यंत सहज पोहोचते तरी कसे आणि ते घेणाऱ्या पोरांचे पुढे काय होते, याची चर्चा झाली नाही.

२०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने नाडाला वैधानिक बळ दिले, पण त्याची नजर स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूवर आणि त्याच्या साथीदारांवर आहे. गणेशोत्सवात शरीर दाखवण्यासाठी कोर्स करणारा, पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीआधी ट्रेनरचे इंजेक्शन घेणारा मुलगा त्या जाळ्यात येत नाही. त्याच्यासाठी काही गोष्टी आजही करता येतील. स्टिरॉइड्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे; ती औषध दुकानांत आणि जिमच्या काउंटरवर प्रत्यक्ष पाळली जाते का, हे अन्न व औषध प्रशासनाने तपासावे. वंध्यत्वाच्या दवाखान्यात नवऱ्याचे शुक्राणू शून्य आले, तिशीतल्या माणसाचे हृदय विनाकारण फुगलेले दिसले, की 'जिममध्ये कधी काही घेतले होते का' हा प्रश्न दारू-तंबाखूच्या प्रश्नाइतक्याच सहजपणे विचारला जावा, आणि उत्तर देणाऱ्याला पोलिसांचे वा भरती मंडळाचे भय नसावे. संघाच्या डॉक्टरची नेमणूक आणि पगार प्रशिक्षकाच्या व संघटनेच्या हातून काढून घ्यावा.

आणि 'आमचे डॉक्टर आहेत' असे सांगणाऱ्या संयोजकांकडून लेखी उत्तरे मागावीत: खेळाडूचा आजचा रिपोर्ट कुठे प्रसिद्ध होणार, तो वीस वर्षांनी पुन्हा कोण तपासणार आणि तेव्हाचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार. पूर्व जर्मनीच्या खेळाडूंना ही उत्तरे मिळायला फार उशीर झाला. तिथले क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि ह्योपनर यांना २००० मध्ये झालेली शिक्षा अनुक्रमे बावीस आणि अठरा महिन्यांची होती, तीही स्थगित. जर्मनीच्या २००२ च्या कायद्याने जवळपास दोनशे जणांना प्रत्येकी सुमारे साडेदहा हजार युरो दिले, २००६ मध्ये येनाफार्मने १८४ जणांना प्रत्येकी ९,२५० युरो देऊन प्रकरण मिटवले. त्यांतल्या अनेकांचे उपचार तोवर वीस-पंचवीस वर्षे स्वतःच्या खर्चाने चाललेले होते.